सर्जाची पुरणपोळी

पोळ्याला हिंगोली जिल्ह्यात, वसमतजवळच्या आमच्या गावी गेले होते. लाडाच्या भरात सर्जाला तुपाने माखलेल्या उरल्यासुरल्या पुरणपोळ्या घमेलंभर चारल्या. रात्री त्याचं पोट फुगलं, रवंथ करणं बंद. आबा मला एक शब्द बोलले नाहीत. नुसते त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसले.

गुरांच्या डॉक्टरांनी पाण्यातून खाण्याचा सोडा पाजला. म्हणाले, "ताई, याचं पोट कडब्यासाठी बनलंय. एवढं गोड एकदम पडलं की पोटातले जिवाणू भराभर लॅक्टिक आम्ल तयार करतात. बैल दगावतोसुद्धा."

पहाटे सर्जा रवंथ करू लागला, तेव्हा कुठे आबांनी चहा घेतला.

सोमवारी पुण्यात डेस्कवर डोनट आला. आपल्याला रातोरात काही होत नाही. जादा साखरेची चरबी होऊन लिव्हरमध्ये गुपचूप साठत राहते. तरी अर्धाच खाल्ला!