सातबाऱ्यावरचा माळढोक

चंद्रपूरचा म्हटलं की ऑफिसात प्रश्न ठरलेला, "वाघ दिसला का रे?" मंडळी, आमच्या जिल्ह्यात वाघ सोडून इतर जनताही राहते! त्यातलाच एक माळढोक. मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरतो, आणि तरीही उडतो. देशात आता दीडशेच्या आसपास उरलेत, बहुतेक राजस्थानात. गेल्या दशकात वरोरा-भद्रावतीकडे मोजके दिसल्याच्या नोंदी आहेत. तेही लोकांच्या शेतशिवारात.

कारण हा पक्षी जंगलात राहतच नाही. त्याला मोकळं गवत लागतं, टोळ-भुंगेरे लागतात. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. एकच! बॅकअप वगैरे काही नाही. आणि असल्या गवताला सातबाऱ्यावर नाव काय, तर 'पडीक'.

आमचं वरोऱ्याजवळ असं चार एकर पडीक आहे. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी आणि तूर, मधे गवत, त्यात गावातली ढोरं. दिवाळीत बाबांना म्हटलं, इथे माळढोक उतरला तर काय मजा येईल! बाबा शांतपणे म्हणाले, "उतरला तर कोणाले सांगू नको बाप्पा. जमीन अडकते."

हसू नका. १९७९ मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात माळढोक अभयारण्य झालं, तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावंच्या गावं आणि लोकांची शेतं. खरेदी-विक्री, बांधकाम, सगळ्याला कटकट. तीस वर्षांहून जास्त काळाने ते सुमारे १,२२२ वर आणलं. तोवर लोकांच्या लेखी माळढोक म्हणजे नसती ब्याद झाला होता. पक्ष्याचा यात काय दोष? नकाशावर रेघ ओढताना ज्याची जमीन त्याला कोणी विचारलंच नाही.

विचारलं तर काय होतं ते आमच्या शेजारीच, गडचिरोलीत बघा. मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०१३ मध्ये तर गावकऱ्यांनी ग्रामदान कायद्याखाली स्वतःची शेतीही ग्रामसभेच्या नावे केली. स्वखुशीने! आमच्या सोसायटीत पार्किंगचं एकमत होत नाही... असो.

माझं गणित साधं आहे. सर्व्हरचं भाडं आपण दरमहा देतो ना? मग गवताचंही द्या. विणीच्या काळात नांगर नाही, कुत्री नाहीत, आणि त्याबद्दल एकरी ठरलेले पैसे. मालकी शेतकऱ्याचीच. विजेच्या तारा हा वेगळाच विषय. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, तो तारांवर आदळून मरतो, आणि ते एकट्या शेतकऱ्याच्या हातात नाही.

बाबांना हे फोनवर ऐकवलं. म्हणाले, "भाडं देत असतीन तर या म्हणा. पण करार मराठीत पाहिजे. अन् मधातच मोडला तर काय, तेही लिहून पाहिजे."

तोवर बाजूच्या काकांनी सोयाबीनसाठी तेच चार एकर ठेक्याने मागितलंय. जूनच्या आत सांगायचं आहे.