दुकानदाराने वाचावे तरी काय?

मराठीच्या प्राध्यापकाकडे गावातली माणसे सहसा तीन कामांसाठी येतात. लग्नपत्रिकेतले शुद्धलेखन तपासून घ्यायला, कोणाच्या तरी सत्काराचे मानपत्र लिहून घ्यायला आणि बारशाला नाव विचारायला. (तेही असे नाव, की जे गावात अजून कोणी ठेवलेले नाही!) ही तिन्ही कामे मी देगलुरात वीस वर्षे विनातक्रार करीत आलो आहे. पण गेल्या उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी चौथेच काम घेऊन आला. बाजारात त्याचे कापडाचे दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचे. म्हणाला, "सर, धंद्यावर एखादं चांगलं पुस्तक सांगा की. वाचावं म्हणलालोय."

बी. ए.च्या तीन वर्षांत या गृहस्थाने आपण होऊन पुस्तक म्हणून मागितले नव्हते. मला मोठी गंमत वाटली. पण प्रश्नामागे जे होते, ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. गिऱ्हाईक दुकानात येते, पदर पसरून बघते, त्याच साडीचा भाव मोबाइलवर काढून दाखवते आणि उठून जाते. धाकटा भाऊ पुण्याला नोकरीत आहे. तो म्हणतो, दुकान आवर आणि इकडे ये. दिवाळीपर्यंत काय ते ठरवायचे होते.

आता धंद्यावरची पुस्तके काही कमी नाहीत. कोणत्याही एस. टी. स्टँडवरच्या स्टॉलवर पाहा, कादंबऱ्या मागे गेल्या आहेत आणि यशाचे मार्ग पुढे आले आहेत. त्यांतल्या डेल कार्नेगीबद्दल मला आदर आहे. माणसे जोडण्यावरचे त्याचे पुस्तक १९३६ चे. पण त्यापूर्वी त्याने स्वतः गावोगाव हिंडून एका कंपनीचे डुकराचे मांस आणि चरबी विकली होती. म्हणजे बोलतो ते अनुभवाने. तो सांगतो, समोरच्याचे नाव लक्षात ठेवा, त्याला बोलू द्या. पण आमचा कापडवाला गिऱ्हाइकाचे नाव तर सांगेलच. शिवाय बापाचे नाव, गाव, शेत किती एकर, मुलीचे लग्न कोणत्या महिन्यात आणि मागची बाकी किती, हेही तोंडपाठ सांगेल! त्याला हा धडा देणे म्हणजे कासाराच्या दारात बांगड्या विकायला बसणे. दुसरे असेच गाजलेले पुस्तक 'रिच डॅड पुअर डॅड', १९९७ चे. त्याच्या लेखकाच्या एका कंपनीने २०१२ मध्ये दिवाळे काढले. दिवाळी अंकात दिवाळ्याची कथा नको, म्हणून एवढ्यावरच थांबतो.

मग मी माझ्या स्वतःच्या कपाटाकडे वळलो, आणि तेथे मात्र चकित झालो. आपल्या साहित्यात सरळ, सुखी, धंदा नीट चालविणारा दुकानदार शोधून सापडत नाही. तो एक तर खलपुरुष असतो, व्याजाने घरे बुडविणारा. नाही तर संत असतो, आणि संत होताच दुकान बुडते. तुकोबांचे घराणे महाजनकीचे, दुकानदारीचे. मराठीतल्या या सर्वांत लाडक्या कवीने आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. पुढे १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि दस्तऐवज भर बाजारात जाळले. एकाने वह्या पाण्यात सोडल्या, दुसऱ्यांनी आगीत टाकल्या, आणि दोन्ही वेळा आपण वाचकांनी मनातल्या मनात टाळ्याच वाजविल्या! त्याला कारणेही होती. कर्जाखाली पिचलेल्या माणसाने त्या वहीवर प्रेम का करावे? पण त्यामुळे झाले असे, की तराजू हातात धरणाऱ्या साध्या माणसाशी चार शब्द बोलावेत, असे मराठी पुस्तकांना फारसे कधी वाटलेच नाही.

अगदीच नाही असे नव्हे. लोकहितवादींनी १८४९ मध्येच 'लक्ष्मीज्ञान' लिहून अर्थशास्त्र मराठीत आणले. दासबोधाचे नाव तर व्यवस्थापनावरच्या व्याख्यानांत हल्ली हमखास निघते. व्याख्याते त्यातला राजकारणाचा समास सांगतात. दुसऱ्या दशकातला पढतमूर्खाचा समास सहसा सांगत नाहीत. आणि आमच्या मराठवाड्यातल्या एकनाथांची देवगिरीची कथा कीर्तनात कोणी ऐकलेली नाही? हिशेबात एका पैची चूक होती, ती शोधत नाथ रात्रभर जागले आणि सापडताच आनंदाने टाळी वाजविली. कीर्तनकार तेथून लगेच परमार्थाकडे जातात. मला मात्र त्या रात्रीपाशीच थांबावेसे वाटते. जमाखर्चाची वही पुढे घेऊन एका पैसाठी दिवा जळता ठेवणारा हा माणूस कापडवाल्याच्या ओळखीचा आहे.

पण मी त्याला प्रथम दिले ते रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र'. १७१५ चे. एम. ए.च्या मुलांना ते भाषेसाठी शिकवितात. मी ते साहूकारांवरच्या प्रकरणासाठी दिले. अमात्यांनी साहूकाराला राज्याचे भूषण मानले आहे. देशोदेशीचा माल त्याच्यामुळे येतो आणि संकटात पैसा त्याच्यापाशी मिळतो, म्हणून त्याला उपद्रव होऊ देऊ नये, असे ते सांगतात. आणि लगेच बजावतात, की टोपीकर हे इतर साहूकारांसारखे साहूकार नव्हेत. त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे उभे आहेत. त्यांना किनाऱ्यावर ठाण्यासाठी जागा देऊ नये.

आठवड्याने कापडवाला पुस्तक घेऊन आला. जुन्या भाषेने त्याला छळले होते, पण या ठिकाणी त्याने पेन्सिलीने रेघ मारली होती. "सर, टोपीकर म्हणजे हेच की आता मोबाइलमधले! दोन वर्षं तोटा खाऊन माल विकतेत. मला दोन महिने तोटा खाता येतो का?" बाजाराचे बळ आणि त्यामागचे भांडवल या विषयावर मी याहून चांगले वाक्य वर्गात कधी बोललेलो नाही.

दुसरी गोष्ट सांगितली ती किर्लोस्करांची. लक्ष्मणरावांनी १८८८ मध्ये बेळगावला सायकलींचे दुकान काढले आणि पुढे लोखंडी नांगर केला. नांगर उत्तम होता. पण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्याची समजूत. पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. १९१० मध्ये बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी आपल्या संस्थानात माळरान दिले, ती किर्लोस्करवाडी. येथवर ही कथा पुष्कळांना ठाऊक असते. मला तिचा पुढचा भाग अधिक आवडतो. १९२० मध्ये कारखान्याची आणि मालाची खबर गिऱ्हाइकांना कळावी म्हणून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढले. हा गृहस्थ चित्रकला शिकून आलेला. त्याने गिऱ्हाइकाला नुसते नांगराचे गुण ऐकविले नाहीत. वाचायला काही तरी दिले. १९२९ मध्ये ते 'किर्लोस्कर' झाले, पाठोपाठ 'स्त्री' आणि 'मनोहर' निघाले, आणि ज्यांनी जन्मात नांगर धरला नाही अशा घरांतूनही त्यांची वाट पाहिली जाऊ लागली. नांगर विकायला निघालेल्या माणसांनी महाराष्ट्राला वाचायला लावले! शंकररावांचे 'शंवाकीय' हे आत्मचरित्र मी त्याच्या हाती ठेवले.

हे त्याने लवकर वाचले. दसऱ्याच्या आधी एक पत्रक लिहून तपासायला घेऊन आला. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला तेलुगू. कारण त्याचे निम्मे गिऱ्हाईक मदनूरकडून येते. (औरादची मंडळी आली की हा कानडीही बोलतो, माझ्यापाशी मात्र एक मराठीच.) पत्रकात 'भव्य सेल' नव्हता. रंग जाणारे कापड ओल्या रुमालाने कसे ओळखावे, सुती नेसूचे पहिले धुणे कसे धुवावे, लग्नाचा बस्ता बांधताना कोणत्या खर्चाला कात्री लावता येते, असे काय काय होते. शेवटी लिहिले होते, "पसंत पडलं तर घ्या, नाही पडलं तर चहा पिऊन जा."

मी शुद्धलेखन सुधारले आणि शेवटच्या वाक्याच्या जागी 'अवश्य भेट द्यावी' असे सुचविले. त्याने शुद्धलेखन घेतले, वाक्य घेतले नाही. "सर, 'अवश्य भेट द्यावी' हे सगळ्याच पत्रिकांवर असतंय. ते वाचून कोण येतंय?"

पत्रकाने विक्री किती वाढली, ते मी विचारलेले नाही. चहाचा खर्च वाढला, असे तो म्हणतो. भाऊ अजून पुण्याहून फोन करतो. परवा बाजारात वह्यांच्या दुकानापाशी तो मला दिसला. हिशेब आता कॉम्प्युटरवर असतो. लाल वही उरली आहे ती लक्ष्मीपूजनापुरती आणि उधारीपुरती. दुकानदार शंभर पानी आणि दोनशे पानी अशा दोन वह्या पुढे करून विचारीत होता, "शेठ, यंदा कोणती देऊ?" आणि हा दोन्ही हातांत धरून वजन केल्यासारखा उभा होता.