सरड्याचे घर

सरडा दिसला की दगड उचलावयाचा, ही आपल्याकडची जुनी खोड. विणीच्या काळात नराचे डोके व गळा लाल होतो, म्हणून तो रक्त शोषतो अशी समजूतही आहे. बिचारा किडेमुंग्यांवर पोट भरतो!

पुंडलिकनगरातील आमच्या अंगणात मेंदीच्या कुंपणावर असा एक सरडा राहतो. माझ्या पुतण्याने त्याच्यासाठी खोके आणून त्याला भोके पाडली. "काका, घोरपड पाळावयास १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, पण हा तर साधा सरडा!"

मी म्हटले, "आधी त्याला काय लागते ते पाहू." आम्ही आठ दिवस नुसते पाहत राहिलो. सरड्याचे शरीर स्वतः ऊब निर्माण करीत नाही. सकाळी तो उन्हात अंग तापवी, दुपारी पानांआड शिरे. वाटीतल्या पाण्याकडे तो फिरकला नाही. पानांवरचे थेंब मात्र चाटून घेई. किडा हालला तरच झडप घाली. मादीला तर पावसाळ्यात दहावीस अंडी पुरण्यास ओलसर, भुसभुशीत माती हवी. एवढे सारे खोक्यात कोठून आणावे?

मग आम्ही कुंपणाशी वाळकी फांदी रोवली, सपाट दगड मांडले, कीटकनाशक बंद केले. पुतण्या रोज सकाळी मेंदीवर पाणी शिंपडू लागला.

यंदा तेथे विटांची भिंत घालण्याचे घरात ठरत होते. आजोबांपुढे त्यानेच सरड्याची वकिली केली. तीन बाजूंना भिंत आली. मेंदीची बाजू तूर्त तशीच आहे.