बॅग कोणतीही घ्या, एक हात मोकळा ठेवा



परवा मंडळाचा स्वाध्याय संपल्यावर एका मैत्रिणीनं विचारलं, "दिवाळीच्या सुट्टीत नातवंडांना घेऊन शिखरजीला जायचं ठरतंय. बॅगा कोणत्या घेऊ गं?" तिला वाटलं मी एखाद्या दुकानाचं नाव सांगेन. पण या विषयात माझं उत्तर थोडं लांबतं. त्याला कारणही तसंच आहे. म्हणून आज सविस्तर लिहिते.

1993 साली डिसेंबरात श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेक होता. आम्ही मुख्य दिवसानंतर काही दिवसांनी गावातल्या लोकांबरोबर ठरवलेल्या बसनं गेलो. मुलगा चार वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची. मी तेव्हा हौशी होते. लग्नातली मोठी सुटकेस, वळकटी, दशम्यांचा कडीचा डबा, चिवड्याचा पत्र्याचा डबा, फिरकीचा तांब्या, पूजेच्या द्रव्यांची पिशवी आणि मुलांच्या कपड्यांची शबनम. चार माणसांचे सात नग. त्यात दोन चिमुकली माणसं, म्हणजे उचलणारे आम्ही दोघंच.

बस मुक्कामापासून लांब थांबली. अंधार पडला होता. ह्यांच्या डोक्यावर वळकटी आणि हातात डबे. माझ्या कडेवर मुलगी, एका हातात सुटकेस, दुसऱ्या हातात पिशव्या. मुलाला म्हटलं, "माझा पदर धर आणि सोडू नकोस." त्यानं धरला. पण तिथं आमच्या मंडळाच्या बायका केशरी साडीत, पुढच्या गावच्याही केशरीच. गर्दीत कुठंतरी त्याच्या हातून माझा पदर सुटला आणि त्यानं दुसऱ्याच केशरी साडीचा पदर धरला. मला ते मुक्कामाच्या दारात कळलं.

पाऊण तास. तो पाऊण तास मी आजही कुणाला नीट सांगू शकत नाही. लाउडस्पीकरवरून नाव पुकारलं, ह्यांनी मागचा सगळा रस्ता पालथा घातला. शेवटी पाण्याच्या टाकीजवळ एका कानडी आज्जींच्या मांडीवर तो चुरमुरे खात बसलेला सापडला. त्याला आपण हरवलो हेसुद्धा ठाऊक नव्हतं. हे मला एक शब्दही बोलले नाहीत. रात्री मी माझा तळहात पाहिला. सुटकेसच्या मुठीचा लाल वळ उमटला होता. ज्या हातात पोराचा हात असायला हवा होता, त्यात मी काय धरलं होतं? चार भारी साड्या. त्यातली एकही त्या प्रवासात नेसले नाही.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. सामान एवढंच, की लहान मुलामागे एका मोठ्या माणसाचा एक हात पूर्ण मोकळा राहिला पाहिजे. बाकी चाकं, रंग, कप्पे सगळं त्यानंतर.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा श्रवणबेळगोळचा बेत झाला. आता तोच मुलगा, सूनबाई, सहा वर्षांची नात, अडीच वर्षांचा नातू आणि आम्ही दोघं. मिरजेहून रात्रभराच्या गाडीनं बेंगळुरू आणि तिथून पुढं गाडी करून साधारण दीडशे किलोमीटर. सूनबाईंनी पुण्याहून चार चाकांची मोठी कडक सुटकेस आणली होती. मी म्हटलं, "ही नको." त्या गप्प झाल्या. आईंचा हात आखडता आहे, नव्या वस्तू त्यांना बघवत नाहीत, असं त्यांना वाटलं असणार. रात्री भांडी आवरताना मी त्यांना 1993 ची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. इतकी वर्षं सांगितली नव्हती. त्या ओट्याशी तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आई, चला, दोघी मिळून भरू."

आम्ही दोघींनी मिळून जे ठरवलं, ते असं.

कपड्यांची बॅग. मोठ्या कडक सुटकेसचं रिकामं वजनच चार किलोच्या आसपास भरतं. मऊ कापडी बॅग हलकी असते आणि बर्थखाली दाबून सरकवता येते. चार छोटी चाकं विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर झकास, पण आपल्या फलाटावर अडकतात आणि उतार असेल तर बॅग एकटीच निघते. तिला पकडायला गेलं की पोराचा हात सुटतो. म्हणून दोन मोठ्या चाकांची, साठ लिटरची मऊ बॅग घेतली. उचलायला मूठ वर आणि कडेला, दोन्हीकडं हवी. जिन्यावर चाकांचा काही उपयोग नसतो.

पाठीवरची सॅक. मूल सांभाळणाऱ्या बाईनं खांद्यावरून घसरणारी पर्स घेऊ नये. रुंद पट्ट्यांची, वीस-पंचवीस लिटरची सॅक घ्यावी. दुकानात माझी एक परीक्षा असते. डाव्या हातात काहीतरी धरायचं, मूल कडेवर आहे असं समजायचं आणि उजव्या हातानं चेन उघडून बंद करायची. दोन हात लागले तर ती बॅग परत. दुकानदार हसतात, हसू द्या.

पैसे, तिकिटं, आधार कार्डं. गळ्यातून आडवा पट्टा येईल असा छोटा बटवा, पुढच्या बाजूला. झोपतानाही अंगावरच.

मुलांची बॅग. नातीला स्वतःची सॅक हवीच होती. ती जरूर द्यावी, मूल जबाबदारी शिकतं. पण वजन मोजून द्यावं. केंद्राच्या 2020 च्या शालेय दप्तर धोरणात दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नसावं असं म्हटलं आहे. तोच हिशेब मी प्रवासाला लावते. आमची नात एकोणीस किलोची, म्हणजे मर्यादा एक किलो नऊशे ग्रॅम. आम्ही एक किलोच भरलं, कारण पोरगी दमली की तिची सॅक आणि कधी कधी तीसुद्धा आपल्याच अंगावर येते. नातवाला सॅक नाही. त्याच्या खिशात घरच्यांचे दोन मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी. नातीच्याही खिशात तीच. बॅगेत नाही, खिशात. मूल हरवतं तेव्हा त्याची बॅग बहुधा आपल्याकडंच असते.

चामडं. हे आपल्यासाठी खास. बॅग कापडी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मुठीचं आवरण, चेनची ओढणी, कंपनीच्या नावाची पट्टी, अशा ठिकाणी चामड्याचा तुकडा असू शकतो. आतलं लेबल वाचा, शंका आली तर सरळ विचारा. मुलाला ऑफिसातून भेट मिळालेल्या सॅकच्या चेनला असे तुकडे होते. सूनबाईंनी ते कापून टाकले आणि तिथं लाल नाड्या बांधल्या. त्या नाड्यांमुळं गर्दीत बॅग लांबून ओळखू येते, हा वरचा फायदा.

डब्याची पिशवी. आपल्याकडं रात्री जेवायचं नाही, त्यामुळं प्रवासात घड्याळाकडं लक्ष ठेवावं लागतं. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. गाडी सुटल्यावर सामान लावण्यातच वेळ गेला आणि डबा तळाशी राहिला, तर मोठी माणसं उपाशी झोपतात. म्हणून डबा स्वतंत्र पिशवीत, सगळ्यात शेवटी गाडीत चढवायचा आणि सगळ्यात आधी उघडायचा. दशम्या, शेंगदाण्याची बिनलसणाची चटणी, राजगिऱ्याचे लाडू, चुरमुरे, केळी. घरचं गाळून उकळलेलं पाणी आणि पुढच्या मुक्कामासाठी स्वच्छ गाळणं, तेही याच पिशवीत. पूजेची द्रव्यं आणि सोवळ्याचे कपडे मात्र वेगळ्या कापडी पिशवीत, कपड्यांच्या बॅगेत सगळ्यात वर. डब्याशेजारी ठेवू नयेत.

आता माझी चूक सांगते, नाहीतर सासूच तेवढी शहाणी असं वाटायचं. सूनबाईंची बाळासाठीची ती कप्प्याकप्प्यांची सॅक पाहून मी म्हटलं होतं, "एवढे कप्पे कशाला? कुठं काय ठेवलं तेच सापडायचं नाही." बेंगळुरूहून निघाल्यावर गाडीत नातवाला उलटी झाली. त्याच्या अंगावर, माझ्या साडीवर, सीटवर. सूनबाईंनी न बघता बाजूच्या कप्प्यात हात घातला. ओला रुमाल, एक जोड कपडे आणि तोंड बांधायची प्लॅस्टिकची पिशवी, तिन्ही एका पुडक्यात. दोन मिनिटांत पोरगं स्वच्छ. माझ्या पद्धतीत सगळे शर्ट एकीकडं, सगळ्या चड्ड्या दुसरीकडं आणि रुमाल तिसरीकडं असतात. मी अर्धी बॅग रस्त्यावर ओतली असती. कपडे प्रकारावर नाही, दिवसावर लावायचे, हे मी त्या दिवशी शिकले. एका दिवसाचे दोन्ही मुलांचे कपडे एका पिशवीत. आता मी जुन्या ओढण्यांच्या नाडीच्या पिशव्या शिवून ठेवल्या आहेत. मळलेले कपडे परत त्याच पिशवीत जातात.

विंध्यगिरीवर खडकात कोरलेल्या साडेसहाशेच्या आसपास पायऱ्या अनवाणी चढायच्या. चपला, बूट खालीच. वर नेली एकच सॅक. त्यात पाणी, द्रव्यं आणि नातवाचा एक जोड. ती सूनबाईंच्या पाठीवर, नातू मुलाच्या पाठीवरच्या झोळीत. माझा एक हात कठड्याला, दुसऱ्यात नातीची बोटं. वर गोमटेश्वरासमोर उभी राहिले. 981 च्या सुमारास चामुंडरायानं करवलेली ती 57 फुटांची मूर्ती, पायापाशी वारुळं, मांड्यांवर, दंडांवर चढलेल्या वेली. मूर्तीच्या पायाशी मराठीतला प्राचीन शिलालेख आहे, तो नातीला दाखवला. कर्नाटकात आपली भाषा दगडात कोरलेली पाहून तिला भारी मौज वाटली.

खाली उतरताना एक मुनिमहाराज विहार करत निघालेले दिसले. नात म्हणाली, "आज्जी, महाराजांची बॅग कोण आणतं?" मी म्हटलं, "त्यांच्याजवळ पिंछी आणि कमंडलू. बस." ती बराच वेळ वळून वळून बघत होती. परिग्रह-परिमाण हे आपल्यासारख्या संसारी बायकांसाठी सांगितलेलं अणुव्रत. मोजून ठेवा, मर्यादा घाला. ग्रंथात वाचताना ते कठीण वाटतं. बॅग भरताना मात्र रोज करता येण्यासारखं आहे.

मी कॉमर्सची पदवीधर, त्यामुळं परत आल्यावर ताळेबंद मांडल्याशिवाय मला झोप येत नाही. सामान लावताना वापरलेलं एका बाजूला, न वापरलेलं दुसऱ्या बाजूला लिहिते. यावेळी सहा माणसांचे चार नग. मुलांचे चौदा जोड नेले, दहा वापरले. माझ्या साड्या चार नेल्या, तीन नेसले. न वापरलेल्यात एक शाल, एक जादा डबा आणि सूनबाईंचा हेअर ड्रायर. आम्ही दोघीही हसलो. ही यादी जपून ठेवा, पुढच्या वेळी बॅग निम्मी तीच भरते.

आता शिखरजीला निघालेल्या मैत्रिणीसाठी. तिथली वंदना चढ, टोकांची फेरी आणि उतार मिळून सत्तावीस किलोमीटरची, तीही पहाटेच्या अंधारात सुरू होणारी. चाकांची बॅग मधुबनच्या धर्मशाळेतच ठेव. लहान मुलांसाठी डोलीची सोय आधी बोलून ठेव. वर एकच हलकी सॅक ने, ती घरातल्या धडधाकट माणसाच्या पाठीवर दे. आणि टॉर्च कपाळावर बांधायचा घे, हातात धरायचा नको. का, ते आता सांगायला नको.

परतीच्या गाडीत मिरज जवळ आलं तसा मुलानं सामान मोजलं, "एक, दोन, तीन, चार." मग नातीचा हात धरला आणि म्हणाला, "उतरताना सोडायचा नाही." मी त्याला विचारलं, "तुला आठवतं का रे, तू हरवला होतास ते?" तो म्हणाला, "नाही गं आई. कुणीतरी चुरमुरे दिले होते, एवढंच आठवतं."

बरं झालं. तेवढंच आठवू दे त्याला.