मैदानाशेजारचा अभ्यास

क्रीडा फिजिओथेरपी ही फिजिओथेरपीच्या पदवीनंतर, एमपीटी या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या २ वर्षांत शिकायची शाखा. अमेरिकेत अ‍ॅथलेटिक ट्रेनिंग हा वेगळा व्यवसाय आहे आणि त्यात नव्याने येणाऱ्याला आता पदव्युत्तर शिक्षण घ्यावे लागते; भारतात ते काम बहुतांशी याच शाखेकडे येते. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात डी. वाय. पाटील समूहाचे फिजिओथेरपी महाविद्यालय आहे, आणि शिकायला मैदानेही लांब नाहीत: तालमींची लाल माती, शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या संघांची फुटबॉलमधली चुरस.

या अभ्यासाचा गाभा हातात असतो. फुटबॉलपटूचा एसीएल हा गुडघ्यातला अस्थिबंध तपासताना गुडघा २० ते ३० अंशांत वाकवतात, एका हाताने मांडी स्थिर धरतात आणि दुसऱ्याने नडगी पुढे ओढतात. अस्थिबंध शाबूत असेल तर नडगी जराशी सरकून ठामपणे अडते. तुटला असेल तर ती अडतच नाही, नुसती पुढे येत राहते. ही पोकळी पुस्तकातून कळत नाही. पुष्कळ धडधाकट गुडघे हाताखालून गेल्यावरच बोटांना ती उमगते. त्याच क्षणी टेबलावरचा खेळाडू तपासणाऱ्याचा चेहरा वाचत असतो.

तुटलेल्या अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला साधारण ९ महिने जातात. आधी मांडीची ताकद, मग धावणे, उडी, शेवटी एकदम वळणे. ताकद मोजता येते. वळताना पाय टाकायची भीती उशिरा जाते, आणि तिला तितकाच वेळ द्यायला हवा.

पैलवानांचे दुखणे निराळे: मान, खांदे, रक्त साकळून सुजलेला कान. ते रक्त वेळेत काढले नाही तर कान कायमचा जाड आणि गाठाळ होतो.