खेळाचा तास बंद करू नकोस

चि. अनुजा,


तुझं पत्र पोचलं. वस्तीतल्या समाजमंदिरात अभ्यासिका सुरू केलीस, मुलं येऊ लागली, हे वाचून फार बरं वाटलं. आता देणगीदार म्हणतात, संध्याकाळचा खेळाचा तास बंद करा आणि त्या वेळात गणिताची शिकवणी घ्या. गुण वाढलेले दिसले, तरच पुढच्या वर्षी पैसे. काय करू, असं तू विचारलंस. माझं मत स्वच्छ आहे. शिकवणी जरूर वाढव, पण खेळाचा तास काढू नकोस.

नागपूरच्या विजय बारसे सरांचं काम तुला माहीत आहे. हिस्लॉप कॉलेजात ते खेळ शिकवत. २००१ साली भर पावसात वस्तीतली पोरं एका फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना त्यांना दिसली. सरांनी त्यांना खरा फुटबॉल दिला, मैदानावर नेलं, संघ बांधले. त्यातून ‘झोपडपट्टी फुटबॉल’ उभं राहिलं आणि नागपूरच्या वस्तीतली मुलं पुढे बेघरांच्या विश्वचषकापर्यंत जाऊन पोचली. नागराज मंजुळेंचा २०२२चा ‘झुंड’ हा चित्रपट याच कामावर बेतलेला आहे. सरांनी आधी प्रगतिपुस्तक मागितलं असतं, तर त्यातली कितीजण मैदानात आली असती?

नाटकाचंही तसंच. ठाण्यात रत्नाकर मतकरींनी ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. तिथे वस्तीतली मुलं आपल्याच जगण्यातले विषय घेऊन स्वतः नाटिका बसवतात. चारचौघांत उभं राहून आपलं म्हणणं मांडणं, दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंत थांबणं, ठरल्या वेळी तालमीला येणं, हे सगळं त्यात आलंच. ज्या मुलाला वर्गात बाई कधी काही विचारत नाहीत, त्याचं तिथे पहिल्यांदा कुणीतरी मन लावून ऐकतं. याला शिक्षण नाही तर काय म्हणायचं?

सुखवस्तू घरातल्या मुलाला पोहणं, तबला, क्रिकेटचं शिबिर, सुट्टीतली सहल हे सगळं त्याचे गुण न विचारता मिळतं. गरिबाच्या मुलाने मात्र ते आधी कमवायचं! हा भेद मला मान्य नाही. कायद्यालाही नाही. बालहक्कांच्या ज्या संहितेवर भारताने १९९२ साली शिक्कामोर्तब केलं, तिच्या ३१व्या कलमात विश्रांती आणि खेळ हा मुलाचा हक्क म्हटला आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान, खेळाचं साहित्य आणि गोष्टींची पुस्तकं असलेलं ग्रंथालय हवं, असं लिहिलं आहे. देणगीदारांना हे दाखव.

आता कामाचं सांगते. खेळाची वेळ ठरवण्याआधी आयांना विचार. नळाला पाणी येतं त्याच वेळी तास ठेवलास, तर मुली येणारच नाहीत. धाकटं भावंड कडेवर घेऊन येणारी मुलगी परत पाठवू नकोस. त्या लहानग्यांसाठी कोपऱ्यात एक सतरंजी आणि चार खेळणी ठेव. मैदान एकदा मुलग्यांच्या ताब्यात गेलं की मुली कडेला उभ्या राहतात, म्हणून आठवड्यातले काही दिवस फक्त त्यांचे ठेव. वस्तीतलाच एखादा मोठा मुलगा किंवा मुलगी तयार कर आणि त्यांना मानधन दे. बाहेरून आलेले स्वयंसेवक चार महिन्यांत नोकरीला लागतात, लग्न होऊन जातात, आणि मुलांचा जीव मात्र त्यांच्यात अडकलेला असतो. पुस्तकं कुलपात ठेवू नकोस. फाटतील, हरवतील, तेवढा खर्च आधीच धर. आणि ‘गृहपाठ नाही तर खेळ नाही’ ही शिक्षा कधीही देऊ नकोस. ज्याच्या घरी दिव्याखाली बसायला जागा नाही, त्याचाच गृहपाठ राहतो आणि खेळाची गरजही त्यालाच सगळ्यांत जास्त असते.

देणगीदारांशी भांडू नकोस. एका संध्याकाळी त्यांना वस्तीत बोलाव, मुलांबरोबर खेळायला लाव. तरीही ते ऐकले नाहीत, तर त्यांचे पैसे नम्रपणे परत कर. एक चेंडू आणि रोज ठरल्या वेळी हजर राहणारं एक मोठं माणूस एवढ्यावर हा तास चालतो. चेंडू मी पाठवते. हजर राहणं तुझ्याकडे.

तुझी,
मावशी