पाचवी गोळी

आमच्या क्लबच्या पॉइंट टू-टू पिस्तुलाला तीन मॅगझिनं आणि ते वापरणाऱ्या आम्हीही तिघी. मॅगझिनं दिसायला सारखीच काळी, एकाच डब्यात पडलेली. हाताला येईल ते उचलायचं. त्यामुळे आठवड्यातून तीन-चारदा कुणाची तरी गोळी अडकायची, आणि जिची अडकायची तिला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकतंय.

मला तर जरा जास्तच वाटायचं. 2018 साली पालेम्बांगला राही सरनोबतनं 25 मीटर पिस्तुलात आशियाई सुवर्ण मिळवलं, ते बघून मी कोल्हापुरात रेंजवर जायला लागले. पण सोबतच्या पोरी शाळेतल्या आणि मी बँकेत कॅश मोजणारी, एकतिशीची. कोच म्हणाले, मनगट सैल पडतंय. सैल मनगटानं पिस्तूल मागे ढकललं जातं, बोल्टला पुरेसा जोर मिळत नाही आणि पुढचं काडतूस नीट चढत नाही, हे खरंच आहे. म्हणून दीड महिना मी वाळू भरलेली पाण्याची बाटली हातात धरून टीव्ही बघितला. मनगट सुधारलं. गोळी अडकायची ती अडकतच राहिली.

मग एका स्पर्धेत व्हायचं ते झालं. रॅपिडची फेरी चालू होती. लाल दिवा सात सेकंद, हिरवा तीन. हिरवा लागला की 45 अंशांवर धरलेला हात वर न्यायचा, एकच गोळी मारायची, हात परत खाली. असं पाच वेळा. चार गोळ्या बऱ्या गेल्या. पाचव्या हिरव्याला ट्रिगर दाबला तर नुसताच मऊ, मेलेला. अशा वेळी पिस्तूल समोरच रोखून ठेवायचं, मोकळा हात वर करायचा आणि अधिकारी येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, हा नियम मला पाठ होता. पण डाव्या हाताला सरावाची सवय. त्यानं खटकन बोल्ट मागे ओढलाही. अधिकारी आले, बघितलं आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "मॅडम, हात लावलात ना." बिघाड अमान्य, न उडालेल्या गोळीला शून्य.

टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला होता. ते आठवून मनाची समजूत घालायला गेले, पण जमलं नाही. तिचं निदान पिस्तूल बिघडलं होतं. माझं मनगट बिघडलंय, असंच मी तेव्हाही धरून चालले होते.

रेंजवर एक आर्मररकाका येतात, लष्करातून निवृत्त झालेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कितवी अडकती?"

"पाचवी."

"दर वेळी पाचवीच? म्हणजे तुझं मनगट चार गोळ्यांपुरतं ठणठणीत असतंय आणि पाचवीला आजारी पडतंय होय?"

मी गप्प. "आणि मॅगझिन कुठलं?" याचंही उत्तर तिघींपैकी कुणाकडेच नव्हतं. तिथंच पर्समधून जांभळं नेलपॉलिश काढलं आणि तिन्ही मॅगझिनांवर एक, दोन, तीन असे ठिपके दिले. पुढचे दोन आठवडे वहीत नोंद ठेवली. सात वेळा अडकली, सातही वेळा दोन ठिपकेवालं.

आमच्यातल्या एकीनं घरगुती इलाज केला. मॅगझिनची स्प्रिंग काढून ताणली आणि परत बसवली. दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या दिवशी तिसरीच गोळी अडकली. काका एवढे चिडलेले मी कधी बघितले नव्हते. "गादीतली स्प्रिंग हाय काय ती?"

त्यांनी मॅगझिनचं बूड सरकवलं, उसळणारी स्प्रिंग अंगठ्याखाली धरली आणि तळहातावर एक तुकडा पाडला. नखाएवढा, प्लास्टिकचा. फॉलोअर. काडतुसांना खालून वर रेटणारा तो हाच. त्याची पुढची एक कड झिजून आरशासारखी चकाकत होती. वरच्या चार काडतुसांना खालच्या काडतुसाचा आधार असतो. शेवटच्याला फक्त या तुकड्याचा. कड झिजल्यामुळे ते पाचवं काडतूस नाक खाली घालून बसायचं आणि बोल्टनं ढकललं की नळीच्या तोंडाऐवजी त्याखाली जाऊन धडकायचं.

एवढासा तुकडा, मी म्हटलं, आमच्या उद्यमनगरात कुणीही लेथवाला करून देईल. काकांनी कान धरायचंच बाकी ठेवलं. 1959च्या शस्त्र अधिनियमात शस्त्राच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. लेथवाल्याकडे न्यायची ही वस्तू नव्हे. परवानाधारक विक्रेत्यामार्फत, क्लबच्या पत्रावर, तो तुकडा हातात पडायला अडीच महिने लागले. तोवर दोन ठिपकेवालं मॅगझिन कपाटात कुलपात.

आला तो नेमका घट्ट. अंगठ्यानं खाली दाबला की परत वर येताना मध्येच थबकायचा. काकांनी टेबलावर काच ठेवली, काचेवर बारीक वॉटर पेपर, आणि तुकड्याची बाजू त्यावर तीनदा ओढली. बसवला, दाबला, सोडला. काढला, पुन्हा तीनदा. मधल्या वेळात चहा येऊन गार झाला. मला घाई झालेली बघून म्हणाले, "घासलेलं परत चिकटवता येत न्हाई." पाचव्या-सहाव्या खेपेला फॉलोअर न अडखळता टक्कन वर आला. मग डमी काडतुसं भरून बोल्ट हातानं ओढत राहिलो. एकही अडकलं नाही.

दुसऱ्या दिवशी लाइनवर गेले. खऱ्या पाच गोळ्या. दहा, नऊ, नऊ, दहा. पाचवी सुटली, झकास सुटली आणि थेट खाली सातमध्ये गेली.

पुन्हा पाच. पाचवी पुन्हा सात, पुन्हा खालीच.

काका मागे उभे राहून माझ्या हाताकडे बघत होते, पटाकडे नाही. एवढे महिने पाचवी गोळी उडणार नाही असं धरून चाललेला हात, आता ती उडतेय म्हटल्यावर, ऐन क्षणी दचकून खाली जात होता. काकांनी खिशातून दोन डमी काढल्या, माझ्याकडे पाठ करून मॅगझिन भरलं आणि हातात दिलं. दोन ठिपकेवालंच.

"कितवी खोटी, ते विचारायचं न्हाई."